व्यवहारदृष्टि : नांवाची किल्ली कोणाच्या हातीं ?

मनुष्यानें जोडलेल्या संपत्तीपैकीं घर, शेत व दागिने डोळ्यांनीं दिसतात. म्हणून त्यांचे कागद घरोघर कडीकुलुपांत असतात. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संपत्तीचा एक नवाच प्रकार आमच्या मध्यम वर्गाच्या हातीं आला आहे. तो हातानें चांचपतां येत नाहीं, तिजोरींत ठेवतां येत नाहीं, आणि त्याचा वार्षिक खर्च एखाद्या चांगल्या साडीच्या खर्चाहून कमी असल्यामुळें त्याचा कागद जपावा असें सहसा कोणाच्या मनांतहि येत नाहीं. हा प्रकार म्हणजे इंटरनेटवरील नांव. ह्यासच व्यवहारांत 'डोमेन' म्हणतात. हें नांव एका अडत्याच्या वहींतून दुसऱ्या अडत्याच्या वहींत कसें न्यावें, त्यासाठीं लागणारा गुप्त संकेत कसें काम करतो, आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय प्रसंग ओढवतो, ह्याचा विचार आम्ही ह्या अंकीं करणार आहों.

हा विषय पुण्याच्या पेठांपेक्षां पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडें व चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यांतील कुटुंबांस अधिक जवळचा आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. पुढें टेल्को, बजाज ह्यांच्यासारखे मोठे कारखाने ह्या माळरानावर उभे राहिले. ह्या मोठ्या वृक्षांच्या सांवलींत लहान यंत्रशाळांचें रान माजलें. कोणी गेज करूं लागला, कोणी फिक्स्चर, कोणी स्प्रिंगा, तर कोणी रबराचे भाग. नोकरीवर पाणी सोडून, भाड्याच्या गाळ्यांत एक लेथ आणि एक ड्रिल मांडून बसलेले सुशिक्षित गृहस्थ आपल्यापैकीं अनेकांच्या नात्यांत असतील. नव्या शतकांत चाकणची वाढ झाली, फोक्सवॅगनसारखे परदेशी कारखाने २००९ च्या सुमारास तेथें सुरू झाले, आणि ह्या गाळ्यांतील माणसांचा पत्रव्यवहार थेट परमुलखाशीं होऊं लागला. परचेस ऑर्डर, ड्रॉइंग, कोटेशन, चलान ह्या सर्वांची ये-जा आज ई-मेलनें होते, आणि त्या ई-मेलच्या पत्त्याचा उत्तरार्ध म्हणजे त्या कारखान्याचें डोमेन. दारावरची पाटी आणि टपालाची पेटी ह्या दोन्ही गोष्टी त्या एका नांवांत सांठविलेल्या असतात.

आतां असें समजूं या कीं, भोसरीच्या एका गृहस्थानें वीस वर्षांपूर्वीं आपल्या कारखान्याची वेबसाइट एका होतकरू मुलाकडून करवून घेतली. मुलानें सगळें काम उरकलें. नांवहि त्यानेंच नोंदविलें, आणि सोयीसाठीं स्वतःच्या खात्यांत व स्वतःच्या ई-मेल पत्त्यावर नोंदविलें. गृहस्थ वर्षाकांठीं त्यास पैसे देत गेले. पुढें मुलानें धंदा बदलला, तो परगांवीं गेला, किंवा पैशांवरून दोघांचें वांकडें आलें. आतां गृहस्थांच्या मुलीनें कारभार हातीं घेतला असून तिला तें नांव दुसरीकडे हलवावयाचें आहे. ती नव्या रजिस्ट्रारकडे जाते, तो विचारतो, "ऑथ-कोड आणला आहे काय?" हा ऑथ-कोड कोणता, कोणाकडे असतो, आणि तो मिळाला नाहीं तर काय, हें तिला सांगणारें घरांत कोणी नसतें. हा प्रसंग आम्हीं कल्पनेनें रचला आहे खरा. परंतु ज्यांचा ह्या पट्ट्याशीं संबंध आहे त्यांस त्यांत फारशी कल्पना दिसणार नाहीं.

प्रथम ह्या व्यवहारांतील पात्रें ओळखून घेऊं. गांवच्या जमिनीची शेवटची नोंद तलाठ्याच्या दप्तरांत असते. त्याचप्रमाणें प्रत्येक जातीच्या नांवांचें एक मूळ दप्तर असतें, त्यास 'रजिस्ट्री' म्हणतात. '.कॉम'चें दप्तर अमेरिकेंतील व्हेरिसाइन ह्या कंपनीकडे आहे आणि त्यांत १५ कोटींहून अधिक नांवें आहेत, आपल्या '.इन'चें दप्तर 'निक्सी' ह्या संस्थेकडे आहे. परंतु सामान्य मनुष्यास ह्या दप्तरापाशीं थेट जातां येत नाहीं. चाकणच्या बाजारांत शेतकऱ्याचा कांदा जसा अडत्यामार्फत विकला जातो, तसें नांव घ्यावयाचें तें 'रजिस्ट्रार' नांवाच्या मान्यताप्राप्त अडत्यामार्फतच घ्यावें लागतें. ह्या अडत्याच्या हाताखालीं पुष्कळदां आणखी एक उप-अडत्या असतो, तो 'रीसेलर'. वेबसाइट करून देणारा मुलगा बहुधा ह्या शेवटच्या वर्गांत मोडतो. आणि ह्या सर्वांच्या पलीकडे, ज्याच्या नांवें नोंद आहे तो 'नामधारक'. पैसे कोणीं दिले ह्याला ह्या दप्तरांत फारशी किंमत नाहीं. नोंद कोणाच्या नांवें आहे ह्याला आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर भावाचें नांव असतां 'विहीर मीं बांधली' असें म्हणणाऱ्याची जी गत होते, तीच येथें होते.

अडते अनेक असल्यामुळेंच अडत्या बदलण्याचा प्रश्न निघतो. पूर्वीं तो नव्हताच. '.कॉम'मधील पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं नोंदलें गेलें. १९९३ पासून १९९९ पर्यंत ह्या नांवांची नोंदणी नेटवर्क सोल्यूशन्स ह्या एकाच कंपनीच्या हातीं होती, आणि १९९५ पासून ती दोन वर्षांस १०० डॉलर घेत असे. गिऱ्हाइकास दुसरें दुकानच नव्हतें, तेव्हां तक्रार करावयाची कोठें ? १९९८ सालीं 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली व १९९९ पासून इतर रजिस्ट्रारांस बाजार मोकळा झाला. त्याच सुमारास, १९९८ सालीं, मुंबईंत दिव्यांक व भाविन तुरखिया ह्या तरुण बंधूंनीं 'डायरेक्टी' ही कंपनी काढली व ती ह्या धंद्यांत जगभर नांवारूपास आली, हें आवर्जून सांगण्यासारखें आहे. आपल्या '.इन'चाहि आरंभ मुंबईशींच जोडलेला आहे. १९८९ सालीं ही जात भारतास मिळाली; तिचें काम बरींच वर्षें मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था पाहत असे, आणि नियम इतके कडक होते कीं थोड्याच नांवांची नोंद झाली. २००३ सालीं निक्सीची स्थापना झाली, २००५ सालीं '.इन' सर्वांस खुलें झालें, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्यें देवनागरींतील '.भारत' सुरू होऊन मराठींत नांव घेण्याची सोय झाली.

अडते अनेक झाले, दर उतरले, गिऱ्हाइकास निवड आली. परंतु त्याबरोबर एक नवी भीतीहि आली. गिऱ्हाईक 'क्ष' हें जुन्या अडत्याकडून नव्याकडे जाऊं इच्छितें, असें नवा अडत्या दप्तरास कळवितो. पण तें खरोखर 'क्ष'नेंच सांगितलें कशावरून? जुन्या अडत्याच्या संमतीवर सर्व सोंपवावें, तर तो गिऱ्हाईक सोडण्यास नाखूष असल्यामुळें उत्तरच देत नाहीं. बरें, त्याच्या मौनास संमति मानावें, तर भामट्यास रान मोकळें सांपडतें. १२ नोव्हेंबर २००४ रोजीं आयकॅनचा नवा नियम अमलांत आला, आणि त्यानें हा दुसरा मार्ग पतकरला : ठराविक मुदतींत जुन्या अडत्यानें हरकत घेतली नाहीं, तर बदल मंजूर समजावा.

ह्याचें फळ दोन महिन्यांतच दिसलें. न्यूयॉर्कमधील पॅनिक्स ही तेथील सर्वांत जुन्या इंटरनेट कंपन्यांपैकीं एक. २००५ च्या जानेवारींत, शनिवार-रविवारच्या सुटीची वेळ साधून, कोणीं तरी तिचें 'पॅनिक्स डॉट कॉम' हें नांव परस्पर ऑस्ट्रेलियांतील एका रजिस्ट्रारकडे हलविलें. पत्त्याच्या नोंदी इंग्लंडांत गेल्या, आणि गिऱ्हाइकांची पत्रें कॅनडांतील भलत्याच यंत्राकडे वळलीं. कंपनीच्या यंत्रांस कोणीं हातहि लावला नव्हता. घर जागच्या जागीं होतें, केवळ दारावरची पाटी चोरीस गेली होती, आणि त्यामुळें जग त्या घरीं येईनासें झालें. सुटी असल्यामुळें ऑस्ट्रेलियांतील कचेरींत दाद घेण्यास कोणी सांपडेना. सोमवार उजाडेपर्यंत नांव परत मिळालें. परंतु त्या दोन दिवसांत किती जणांचीं किती पत्रें परक्या हातीं पडलीं असतील, त्याचा हिशेब कोण देणार? त्या वेळीं '.कॉम'च्या बदलास गुप्त संकेताची अट नव्हती. ती पुढें आली.

हा गुप्त संकेत म्हणजेच ऑथ-कोड. त्यास ईपीपी-कोड असेंहि म्हणतात, कारण रजिस्ट्री व रजिस्ट्रार ह्यांच्या यंत्रांनीं आपसांत बोलण्याची जी ठराविक भाषा आहे तिचें नांव ईपीपी असें आहे. नामधारकाची खूण म्हणून अक्षरें, अंक व चिन्हें ह्यांची एक अर्थहीन माळ जुना रजिस्ट्रार दप्तरांत नोंदवितो. तीच माळ तो नामधारकास देतो. नामधारक ती नव्या रजिस्ट्रारास देतो. नवा रजिस्ट्रार बदलाच्या अर्जाबरोबर ती दप्तराकडे पाठवितो. दप्तराचें यंत्र दोन्ही माळा पडताळून पाहतें. जुळल्या तर अर्ज पुढें सरकतो, एक अक्षर चुकलें तरी जागच्या जागीं फेटाळला जातो. आमच्या जुन्या पेढ्यांवर हुंडी पटविण्यापूर्वीं खूण पाहण्याची जी रीत होती, तिचेंच हें यांत्रिक रूप होय. खूण आणणाराचें तोंड पाहावयाचें नाहीं, त्याचें कुळ विचारावयाचें नाहीं. खूण पटली कीं काम झालें. ह्या संकेताचें बळ ह्यांत आहे, आणि धोकाहि ह्यांतच आहे. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं मोबाइलची कंपनी बदलतांना असला संकेत वापरला असेल. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली. १९०० ह्या क्रमांकास 'पोर्ट' असा निरोप पाठवावा, कीं आठ अक्षरांचा एक कोड येतो. तो नव्या कंपनीस दिला म्हणजे बदल होतो. आपल्याकडे तो कोड चार दिवसच चालतो. १ जुलै २०२४ पासून त्यांत आणखी एक अट आली : सिम-कार्ड नुकतेंच बदलून घेतलें असेल, तर सात दिवस हा कोड मिळत नाहीं. चोरानें प्रथम सिम बळकवावें आणि लगेच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनींत पळावें, ह्याला हा आळा आहे. डोमेनच्या नियमांतहि असाच विचार आहे. '.कॉम'सारख्या नांवांच्या बाबतींत नवें नांव घेतल्यापासून, किंवा एकदां अडत्या बदलल्यापासून ६० दिवस पुन्हां बदल होऊं न देण्याची रीत आहे. नामधारक बदलल्यावरहि बहुधा तोच थांबा लागतो. ही मुदत कमी करण्याच्या शिफारशी झालेल्या आहेत. म्हणून ज्या दिवशीं काम काढाल त्या दिवशींचा नियम रजिस्ट्रारास विचारून घ्यावा.

प्रत्यक्ष बदलाचा क्रम असा असतो. नांवावर बहुधा एक कुलूप घातलेलें असतें; तें खात्यांत जाऊन प्रथम काढावें लागतें. मग ऑथ-कोड मागावयाचा. पुष्कळ ठिकाणीं तो खात्यांतच मिळतो. तशी सोय नसेल तर मागणी केल्यापासून ५ दिवसांच्या आंत तो देणें रजिस्ट्रारावर बंधनकारक आहे. तो नव्या रजिस्ट्रारास दिल्यावर दप्तरांत पडताळणी होते व जुन्या रजिस्ट्रारास सूचना जाते. त्यानें ५ दिवसांत सकारण हरकत घेतली नाहीं, तर बदल आपोआप पुरा होतो. फेरफाराची नोंद करतांना संबंधितांस नोटीस देऊन हरकतीची मुदत ठेवतात, त्याचाच हा भाऊ. '.कॉम'च्या बाबतींत बदलाबरोबर एक वर्षाचें शुल्क भरावें लागतें, पण तें वर्ष वायां जात नाहीं. शिल्लक मुदतींत मिळविलें जातें, मात्र एकूण मुदत १० वर्षांच्या वर जात नाहीं.

येथें एका गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. रजिस्ट्रार बदलणें म्हणजे वेबसाइट किंवा ई-मेल हलविणें नव्हे. हें नांव टाइप केल्यावर कोणत्या यंत्राकडे जावयाचें, हें सांगणारी नोंद निराळी असते, आणि ती रजिस्ट्रार बदलल्यानें आपोआप बदलत नाहीं. परंतु ती नोंद जर जुन्या रजिस्ट्रारच्याच यंत्रावर फुकट ठेवलेली असेल, तर गिऱ्हाईक गेल्यावर तो ती पुसून टाकूं शकतो, आणि मग महिनाअखेरीस बिलें पाठविण्याच्या ऐन घाईंत कारखान्याचा ई-मेल बंद पडतो. म्हणून जुनें घर सोडण्यापूर्वीं नव्या घरांत चूल मांडून घ्यावी. ह्या सर्व नोंदी आधीं उतरून, नव्या ठिकाणीं मांडून, मगच बदलाचा अर्ज करावा.

संकेत चोरीस जाऊं नये म्हणून शास्त्रज्ञांनींहि बराच विचार केला आहे. पूर्वीं एकच संकेत वर्षानुवर्षें चाले आणि दप्तरांत तो जसाच्या तसा लिहिलेला असे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रमाणांत सुचविलें आहे कीं, संकेत केवळ बदलाची मागणी झाल्यावरच तयार करावा, थोडे दिवस ठेवावा, आणि दप्तरांत तो मूळ रूपानें न ठेवतां त्याची गणितानें काढलेली एक छाप ठेवावी. ह्या छापेचा गुण आमच्या गृहिणींस सहज कळेल. वाटलेल्या चटणीवरून मूळचा नारळ पुन्हां अख्खा करतां येत नाहीं; परंतु त्याच जिनसा त्याच मापानें पुन्हां वाटल्या, तर चटणी मात्र तीच होते. त्याप्रमाणें आलेल्या संकेताची छाप काढून ती ठेवलेल्या छापेशीं ताडतात. दप्तर चोरणाऱ्यास मूळ संकेत मिळत नाहीं. आणि तो संकेत असा असावा कीं, त्याच्या संभाव्य प्रकारांची संख्या ३ वर ३८ शून्यें मांडावीं इतकी भरेल. असला संकेत अंदाजानें ओळखणें मनुष्याच्याच काय, यंत्राच्याहि आवांक्याबाहेरचें आहे.

मग नांवें चोरीस जातात तीं कशीं ? किल्ला नेहमींच तोफेनें पडत नाहीं. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा ह्यानें चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें सुमारें दोन महिने लढविला. तेव्हां शत्रूस भुयार खणून बुरूज सुरुंगानें उडवावा लागला. आजचा चोरहि तटावर धडका न देतां भुयारच खणतो, आणि तें भुयार म्हणजे नामधारकाचा ई-मेल. संकेत, इशारे, संमतीचीं पत्रें हें सर्व त्या एका टपालपेटींत येऊन पडतें. ती पेटी ज्याच्या हातीं गेली, त्याला संकेताचें कोडें सोडवावें लागतच नाहीं. रजिस्ट्रारच तें त्यास सौजन्यानें आणून देतो. २०१८ च्या मेपासून, युरोपांतील खासगीपणाच्या कायद्यामुळें, नामधारकाचा ई-मेल व पत्ता सार्वजनिक यादींत बहुधा झांकलेला असतो. त्यामुळें नवा रजिस्ट्रार नामधारकास स्वतंत्रपणें पत्र घालून खातरजमा करूं शकत नाहीं, आणि ऑथ-कोड हाच बहुतेक एकमेव पुरावा उरला आहे. म्हणून बँकेचा ओटीपी जसा कोणास सांगावयाचा नाहीं, तसा हा कोड ज्याच्याकडे आपण होऊन जात आहों त्या रजिस्ट्रारखेरीज कोणासहि सांगूं नये. 'तुमच्या नांवाची मुदत संपत आली, त्वरित पैसे भरा' अशीं बिलासारखीं दिसणारीं पत्रें येतात, त्यांवरहि विश्वासूं नये. पैसे भरणें म्हणजे नकळत दुसऱ्याकडे जाण्यास संमति देणें, असा त्यांत डाव असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला २००३ सालीं अशा एका कंपनीवर कारवाई करावी लागली.

आतां भोसरीच्या त्या मुलीकडे वळूं. तिच्या प्रकरणांत दोन शक्यता आहेत, आणि त्यांतील भेद समजून घेणें हाच ह्या लेखाचा गाभा आहे. नोंद जर तिच्या कारखान्याच्या नांवें असेल आणि वेबसाइटवाला केवळ उप-अडत्या असेल, तर तिची बाजू बळकट आहे. तिनें वरच्या, मान्यताप्राप्त रजिस्ट्रारास थेट लिहावें, नोंदणीचा पुरावा द्यावा व संकेत मागावा. नामधारकानें आपले पैसे चुकते केले असतील, तर उप-अडत्या आणि अडत्या ह्यांच्या आपसांतील थकबाकीसाठीं त्याचें नांव अडवून धरतां येत नाहीं, असा आयकॅनचा स्पष्ट नियम आहे. पुढील वर्षाचे पैसे न दिल्याची सबबहि चालत नाहीं. कोर्टाचा हुकूम, लबाडीचा पुरावा, नामधारक कोण ह्याविषयींचा वाद, मागील मुदतीची थकबाकी, अशीं थोडींच कारणें हरकतीस पुरतात. रजिस्ट्रार दाद देत नसेल, तर आयकॅनकडे तक्रार करतां येते.

परंतु नोंद जर त्या वेबसाइटवाल्याच्याच नांवें असेल, तर दप्तराच्या दृष्टीनें तोच धनी, आणि संकेत मागण्याचा अधिकारहि त्याचाच. कुंपणानेंच शेत खाल्लें असें म्हणून हळहळण्याखेरीज त्या क्षणीं तिच्या हातीं फारसें कांहीं राहत नाहीं. कायदा अगदींच हात बांधून बसलेला आहे असें मात्र नाहीं. १९९९ सालीं रेडिफ कंपनीनें 'रॅडिफ' ह्या तोतया नांवाविरुद्ध मुंबई हायकोर्टांत दाद मागितली, तेव्हां कोर्टानें डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, ट्रेडमार्कप्रमाणेंच त्यास संरक्षण मिळालें पाहिजे, असें ठरविलें. २००४ सालीं सत्यम इन्फोवेच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानेंहि हाच सिद्धांत मान्य केला. '.इन'च्या नांवांसाठीं लवादाची स्वतंत्र व्यवस्था आहे. पण कोर्ट असो वा लवाद, तेथें वेळ जातो, वकील लागतो, आणि ज्या पत्त्यावर चाकणच्या कारखान्याचीं ड्रॉइंगें येत होतीं तो पत्ता निकाल लागेपर्यंत दुसऱ्याच्या कब्जांत राहतो. तोंवर गिऱ्हाईक थांबत नाहीं. म्हणून गोडीगुलाबीनें, लेखी करारानें, वेळप्रसंगीं चार पैसे अधिक मोजूनहि, आधीं नामधारक बदलून घेणें आणि मग रजिस्ट्रार बदलणें, हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो. दोन बदलांच्या मध्यें थांबा लागूं शकतो, हें लक्षांत ठेवून घाईच्या आधींच हें काम काढावें.

विसराळूपणाचा धोकाहि कमी नाहीं. १९९९ च्या डिसेंबरांत खुद्द मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी 'पासपोर्ट डॉट कॉम' ह्या आपल्या नांवाचे ३५ डॉलर भरण्यास विसरली आणि तिच्या हॉटमेलमध्यें लोकांस प्रवेश मिळेना. शेवटीं एका तिऱ्हाइतानें आपल्या पदरचे पैसे भरून तें काम मार्गास लावलें. '.कॉम'चें नांव चुकून सुटलें आणि नोंद काढली गेली, तर तें ३० दिवसांपर्यंत जबर शुल्क भरून सोडवितां येतें. त्यानंतर ५ दिवसांनीं तें सर्व जगास मोकळें होतें, आणि तशा नांवांवर टपून बसलेलीं माणसें जगांत आहेत.

आमच्या घराण्यांतून आणखी एक गोष्ट वारंवार घडते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. कारखान्याचें किंवा कुटुंबाचें नांव वडिलांच्या सांगण्यावरून परदेशांतील मुलानें आपल्या खात्यांत, आपल्या क्रेडिट कार्डावर नोंदविलेलें असतें. त्याच्या मनांत कपट नसतें. परंतु कार्डाची मुदत संपते, नोकरी बदलते, ई-मेल बदलतो, आणि सूचना येत राहतात त्या कोणी न उघडणाऱ्या पेटींत. किंवा कारभार पाहणारे गृहस्थ अकस्मात् निवर्ततात, आणि घरच्या बाईस नांव कोणाकडे आहे, पासवर्ड काय आहे, कशाचाच पत्ता नसतो. तिला बँकेचें पासबुक सांपडतें, विम्याची पॉलिसी सांपडते. पण ज्या नांवावर वीस वर्षें धंदा चालला त्याचा कागदच नसतो, कारण तो कधीं केलेलाच नसतो. चिंचवडच्या देवस्थानानें आपल्या इनामांच्या सनदा पिढ्यान्पिढ्या जपल्या. राज्यें बदललीं तरी त्या कागदांनीं हक्क शाबीत केला. आमच्या नव्या वतनाची सनद मात्र आम्ही चिठोऱ्यावरहि लिहून ठेवीत नाहीं.

ह्यास उपाय कठीण नाहीं. एका रविवारच्या दुपारचें काम आहे. घरांतील जाणत्यानें प्रथम आपल्या नांवाची सार्वजनिक नोंद पाहावी. आयकॅनच्या स्थळावर ती फुकट दिसते, आणि रजिस्ट्रार कोण व मुदत कधीं संपते हें तरी तींतून कळतेंच. मग खात्यांत जाऊन नामधारक म्हणून कारखान्याचें अगर कुटुंबांतील व्यक्तीचें नांव आहे कीं नाहीं, हें पाहावें. नोंदीवरील ई-मेल त्याच डोमेनचा असूं नये. कारण तें नांव बंद पडलें तर तें सोडविण्याचीं पत्रेंहि त्याच बंद पेटींत अडकतात, म्हणजे पेटीची किल्ली पेटींतच ठेवून कुलूप लावल्यासारखें होतें. त्या ई-मेलास व खात्यास दुहेरी पडताळणी असावी. नांवावरचें बदलाचें कुलूप एरवीं लावलेलेंच असावें. मुदत एकदम दोन-चार वर्षांची घ्यावी. वेबसाइट करून देणाऱ्याशीं करार करतांना नांव कोणाच्या मालकीचें राहील आणि मागतांच ऑथ-कोड मिळेल, हीं दोन वाक्यें कागदावर घालून घ्यावीं. आणि रजिस्ट्रारचें नांव, खात्याचा ई-मेल व मुदतीची तारीख एवढें एका कागदावर लिहून तो विम्याच्या व घराच्या कागदांशेजारीं ठेवावा. हा कागद कोठें आहे, हें घरांतील किमान दोन माणसांस, आणि त्यांपैकीं एक घरची स्त्री असेल अशा बेतानें, सांगून ठेवावें.

हें सर्व क्षुल्लक वाटेल. पण धंद्यांत नांव मिळविण्यास ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांस तें तसें वाटणार नाहीं. लेथ गंजली तर दुसरी घेतां येते, गाळा गेला तर दुसरा भाड्यानें मिळतो; परंतु वीस वर्षें ज्या नांवानें लोक आपल्याला ओळखतात तें नांव एकदां परक्याच्या वहींत गेलें, म्हणजे तें परत आणण्यास किती खेटे घालावे लागतात, हें ज्यांच्यावर गुदरलें त्यांनाच ठाऊक. वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं एवढेंच स्वतःस विचारावें : आमच्या नांवाची किल्ली आज कोणाच्या हातीं आहे ? उत्तर चटकन सुचलें तर उत्तमच; न सुचलें तर येत्या रविवारची दुपार त्याच कामीं लावावी, इतकीच आमची सूचना आहे.